आजीवन विमा : बचत किती, संरक्षण किती?

दररोज सुमारे पन्नास रुपये भरा आणि पस्तीस लाख रुपये मिळवा, अशा आशयाचे मथळे गेल्या काही वर्षांत अनेकदा झळकले. त्यांचा रोख प्रामुख्याने ग्रामीण टपाल जीवन विम्याच्या 'ग्राम सुरक्षा' या आजीवन विमा योजनेकडे असतो. मथळ्यातील आकडे खरे असले, तरी ही रक्कम विमाधारकाच्या हाती केव्हा पडणार, याचा उल्लेख त्यात सहसा नसतो.

टपाल खात्याने १ फेब्रुवारी १८८४ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी विमा सुरू केला. मल्होत्रा समितीच्या शिफारशींनंतर २४ मार्च १९९५ पासून ग्रामीण जनतेलाही त्याचा लाभ मिळू लागला. ग्राम सुरक्षा योजनेत १९ ते ५५ वर्षे वयाच्या व्यक्तीस जास्तीत जास्त १० लाख रुपयांचा विमा घेता येतो. हप्ते वयाच्या ५५, ५८ अथवा ६० व्या वर्षापर्यंत भरावे लागतात.

नेहमी दिले जाणारे उदाहरण १९ वर्षांच्या तरुणाचे आहे. साठाव्या वर्षापर्यंत हप्ते भरण्याचा पर्याय निवडल्यास १० लाखांच्या विम्यासाठी दरमहा सुमारे १,४११ रुपये भरावे लागतात. ४१ वर्षांत ही रक्कम ६ लाख ९४ हजारांच्या घरात जाते. दर हजारी ६० रुपये वार्षिक बोनस गृहीत धरल्यास ४१ वर्षांचा बोनस २४ लाख ६० हजार रुपये होतो. मूळ विमा रक्कम मिळवून एकूण ३४ लाख ६० हजार रुपये होतात.

येथे दोन बाबी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली, हा बोनस मूळ विमा रकमेवर सरळ पद्धतीने मिळतो. बोनसवर बोनस मिळत नाही. त्यामुळे हजारी ६० रुपये म्हणजे बँकेतील ठेवीवरील सहा टक्के चक्रवाढ व्याज नव्हे. शिवाय बोनसचा दर वेळोवेळी जाहीर होतो व त्यात बदल होऊ शकतो.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. हप्ते साठाव्या वर्षी संपले, तरी रक्कम विमाधारकास वयाच्या ८० व्या वर्षी मिळते. तत्पूर्वी मृत्यू झाल्यास ती वारसांना दिली जाते. हीच रक्कम साठाव्या वर्षी हाती आली असती, तर वार्षिक परतावा सुमारे ६.७ टक्के ठरला असता. आणखी वीस वर्षे थांबल्याने तो सुमारे ३.८ टक्क्यांवर येतो. महागाई दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत राहिली, तर ६१ वर्षांनंतरच्या ३४ लाख ६० हजारांची क्रयशक्ती आजच्या सुमारे पावणेदोन लाख रुपयांइतकीच उरेल.

याचा अर्थ ही योजना निरुपयोगी आहे, असा नाही. याच तरुणाचा चाळिसाव्या वर्षी मृत्यू झाल्यास तोपर्यंत सुमारे साडेतीन लाख रुपये भरलेल्या कुटुंबास २२ लाख ६० हजार रुपये मिळतील. घरातील कर्ता गेल्यावर मिळणारा हा आधार कोणत्याही ठेवीतून उभा राहत नाही. आजीवन विम्याचे खरे मोल या संरक्षणात आहे.

हप्ते मध्येच बंद करणाऱ्यांचे नुकसान मात्र सर्वाधिक होते. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर पॉलिसी सरेंडर करता येते. परंतु पाच वर्षांपूर्वी सरेंडर केल्यास बोनस मिळत नाही. चार वर्षांनंतर पॉलिसीवर कर्ज घेण्याची सोय असल्याने तात्पुरत्या अडचणीत पॉलिसी मोडण्याऐवजी हा मार्ग तपासून पाहणे हिताचे ठरते.

ज्यांना निवृत्तीच्या सुमारास रक्कम हवी आहे, त्यांना ठराविक अटींवर वयाच्या ५९ व्या वर्षापर्यंत ही पॉलिसी एंडोमेंट प्रकारात बदलून घेता येते. पॉलिसी घेतानाच या तरतुदीची टपाल कार्यालयात चौकशी करावी. मुलीचे लग्न, घर अथवा निवृत्ती यांसाठी ठरलेल्या वेळी पैसा हवा असेल, तर स्वतंत्र बचत करावी आणि आजीवन विम्याकडे वारसांसाठी केलेली तजवीज म्हणून पाहावे. अर्जावर सही करण्यापूर्वी 'किती मिळणार' या प्रश्नाबरोबरच 'केव्हा आणि कोणाला मिळणार' हेही विचारणे अगत्याचे आहे.