खाते उघडले, आता ते चालते ठेवा



उसाचे बिल खात्यात जमा होते, म्हणून बँक आपल्याला नवी नाही. पण आपल्या शेतात निंदण करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या घरांचे काय?

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. आपल्या वर्धा जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. शाखा वाढल्या खऱ्या, पण शाखा दूर असली की मजुराचा रोज बुडतो. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली. तिच्यात शिल्लक ठेवण्याची अट नाही. शिवाय बँक मित्राकडे अंगठा लावून थोडी रक्कम भरता-काढता येते.

मात्र पैसा कुठे ठेवतो हेही पाहिले पाहिजे. मे २०१२ मध्ये परवान्याअभावी वर्धा, नागपूर व बुलडाणा या तीन जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेने नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पुनरुज्जीवन योजनेत या तिन्ही बँका होत्या. ज्यांचा सारा व्यवहार एकाच दारी असतो, त्यांना अशा वेळी दुसरे दार राहत नाही.

४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराची, सर्व शाखा व व्याज धरून, ५ लाखांपर्यंतची ठेव विम्याखाली आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था व गावची सोसायटी म्हणजे बँक नव्हे. तेथील ठेवीला हा विमा नाही. जादा व्याजाच्या मोहात हा फरक विसरू नये.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

१. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. अधूनमधून शंभर-पन्नास तरी भरा.

२. घरच्या बाईमाणसाचे स्वतंत्र खाते काढा.

३. बँक मित्राकडे अंगठा लावल्यावर पावती घ्या. पैसे हाती न येता पुन्हा अंगठा मागितला, तर आधी बँकेत चौकशी करा.

ज्यांच्या घामावर आपला ऊस उभा राहतो, त्यांना कागदपत्रांसह बँकेत नेण्यासाठी प्रत्येक सभासदाने एक चक्कर जरूर मारावी, ही विनंती.