राजभाषा विधानसभेची, अर्जाची भाषा नागरिकाची

पेडणे वा डिचोलीच्या मामलेदार कचेरीत माणसे येतात ती मुंडकारी घराचे प्रकरण, एक-चौदाच्या उताऱ्यावर चुकलेले नाव किंवा वाटेचा तंटा घेऊन. त्यांपैकी मराठी शाळेत शिकलेला एखादा शेतकरी आपले गाऱ्हाणे दुसऱ्याकडून इंग्रजीत लिहून घेतो. कागदावर काय लिहिले ते त्याला वाचता येत नाही; खाली सही मात्र त्याची असते. उद्या त्यातला एखादा शब्द अंगाशी आला, तर जबाबदारीही त्याचीच.

वास्तविक त्याने हे करण्याची गरज नाही. राज्यघटनेचे ३५० वे कलम म्हणते की, केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे. त्यात राजभाषेची अट नाही. घरी कोकणी बोलणारा आणि लिहिणे-वाचणे मराठीत करणारा पेडणेकरही आपल्या सोयीची भाषा निवडू शकतो.

दोन वेगळ्या गोष्टी

आपल्याकडे भाषेची चर्चा राजभाषेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा केले आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा दिली. मराठी पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारचे धोरणही आहे. परंतु राजभाषा ठरवण्याचा अधिकार ३४५ व्या कलमाने विधानसभेला दिला आहे. एका विधानसभेने दिलेले दुसरी बदलू शकते. ३५० व्या कलमाला मात्र तिला हात लावता येत नाही.

२९ वे कलम याहून भक्कम आहे. स्वतःची भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क ते देते. ३० वे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवू देते. हे मूलभूत हक्क आहेत. ते डावलले गेले, तर ३२ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात आणि २२६ व्या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागता येते.

मर्यादाही ओळखाव्यात

घटना सर्व काही देते असे नाही. ३५० वे कलम अर्ज करण्याचा हक्क देते. उत्तर त्याच भाषेत मिळेल, अशी हमी त्यात नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. पण त्याच्या आधारे पालकांवर मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात २०१४ साली दिला. म्हणजे गावची मराठी शाळा टिकवायची, तर शेवटी मुले तिथे पाठवावी लागतात.

हक्क वापरात राहिला तरच टिकतो. तेव्हा पुढच्या वेळी अर्ज स्वतःच्या हाताने, स्वच्छ मराठीत लिहावा. त्याची नक्कल ठेवून तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. कोणी नाकारलाच, तर वाद न घालता नकार लेखी मागावा आणि ३५० व्या कलमाचा उल्लेख करून तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. मोर्च्याला शेकडो माणसे लागतात; या कामाला एक शहाणा अर्जदार पुरतो.