रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले काय?

कापड घेताना आम्ही व्यापारी रंग पक्का आहे की नाही, हे पाहून घेतो. परंतु जो रंग कापडावर चढलाच नाही तो कुठे गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो डाइंगच्या सांडपाण्यातून नाल्यात व पुढे नदीत जातो. तामिळनाडूतील तिरुपूर येथे नोय्यल नदीची यामुळे एवढी दुर्दशा झाली की, जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील शेकडो डाइंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो मजुरांच्या रोजीवर संकट आले.

अशा पाण्यासाठी ध्वनी आणि वीज एकत्र वापरण्याचे संशोधन चालू आहे. सेकंदाला 20 हजारांहून अधिक कंपने असलेला, कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडला की सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. फुटताना त्यांच्या आत क्षणभर हजारो अंश उष्णता निर्माण होते आणि रंगाचे रेणू तोडणारे घटक तयार होतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी या बुडबुड्यांच्या शास्त्रावर मोठे काम केले आहे. दुसरीकडे, पाण्यात धातूच्या पट्ट्या ठेवून वीज सोडली तरी रंग तुटतो. रंगाईतले मीठ पाण्यात असतेच, त्यामुळे वीज सहज वाहते. पट्ट्यांवर साचणारा थर ध्वनीमुळे निघत राहतो. अशा प्रकारे एक पद्धत दुसरीला साहाय्य करते.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. रंग लवकर उडतो, पण त्याचे तुकडे पाण्यात उरू शकतात व त्यांतील काही विषारी असतात. मिठातील क्लोरीनपासूनही घातक संयुगे बनू शकतात. शिवाय मीठ जिथल्या तिथेच राहते. म्हणून यंत्र विकणाऱ्याने पांढरे स्वच्छ पाणी ग्लासात भरून दाखविले तरी भुलू नये. सीओडी किती आणि टीडीएस किती, हे विचारावे. केंद्राच्या 2016 च्या मानकांत कापड उद्योगासाठी लिटरमागे सीओडी 250 व टीडीएस 2100 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. ध्वनीयंत्र वीज फार खाते, तेव्हा हजार लिटरला किती युनिट लागतात तेही लेखी घ्यावे आणि आपल्याच कारखान्याच्या पाण्यावर चाचणी करून मगच सौदा करावा.

फिकहमध्ये पाण्याची पारख रंग, चव आणि वास या तिन्हींवरून होते. केवळ रंगावर समाधान मानून आपण मोकळे होऊ शकत नाही. पाणी अल्लाहची अमानत आहे आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचाही त्यावर हक्क आहे. आमच्या नफ्याचा हिशेब त्यांचा हक्क दिल्यानंतरच पुरा होतो.