मोबाइल आत, माणूसही आत

मे महिन्यातली रात्र, क्षितिजावर लकाकणारी वीज, ओल्या मातीचा वास. अशा वेळी वळवाचा गडगडाट टिपायला मोबाइल घेऊन गच्चीवर धावणारे हौशी आता गावोगाव दिसतात. हौस चांगली आहे. गच्ची मात्र वाईट.

विजेच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी फाकते. तोच हा आवाज. ही वाट काही किलोमीटर लांब, वेडीवाकडी. जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबचा मागून. म्हणून एकाच विजेचा गडगडाट लांबत जातो. जवळ पडलेल्या विजेचा कोरडा कडाका ऐकू येतो. दूरच्या विजेचे वरच्या पट्टीतले स्वर हवेतच विरतात आणि उरते ती घरघर.

नुसत्या आवाजाऐवजी व्हिडिओ घ्यावा. मग सकाळी चहा घेताना लकाकी आणि आवाज यांतले सेकंद निवांत मोजता येतात. तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. आवाज ३० सेकंदांच्या आत आला, तर वीज दहा किलोमीटरच्या टापूत आहे आणि पुढची घराजवळही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

मोबाइल वीज ओढून घेतो, हा समज चुकीचा. धोका चार्जरच्या वायरचा असतो. म्हणून मोबाइल आधीच चार्ज करून, वायर काढून, खिडकीपासून दोन-तीन हात आत स्टुलावर ठेवावा. खाली पंचाची घडी. पत्र्याच्या छपराखाली पाऊसच एवढा वाजतो की बाकी सारे बुडते. मुद्रण ऐकताना हेडफोन लावावा, मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज पेलत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातल्या विजेची सूचना देते. ते आधीच घेऊन ठेवावे.

तरीही कुणाला विजेचा झटका बसलाच, तर त्याला हात लावायला भिऊ नये. अंगात वीज साठून राहत नाही. त्याला आडोशाला घ्यावे, १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. ‘मला काही झालं नाही’ म्हणत उठून बसलेल्यालाही रुग्णालयात न्यावे. हृदयाचा आलेख काढावा लागतो आणि कानाचा पडदा फाटलेला असू शकतो.