स्वयंशिस्त आणि नागरिकत्व : ‘कमवा व शिका’चा बोध

शिस्त आणि स्वयंशिस्त या संज्ञा विद्यार्थ्यांच्या संदर्भात पुष्कळदा समानार्थी योजल्या जातात. वस्तुतः त्यांचा उगम भिन्न आहे. शिस्तीचे अधिष्ठान बाह्य नियम व दंडभय हे असते; स्वयंशिस्तीचे अधिष्ठान, आपल्या कृतीचा परिणाम इतरांस भोगावा लागतो ही जाणीव, हे होय. देखरेख संपताच पहिली ओसरते, दुसरी टिकते. ही जाणीव केवळ व्याख्यानांनी उत्पन्न होत नाही. तिला प्रत्यक्ष जबाबदारीचा आधार लागतो.

महाराष्ट्रात या तत्त्वाचा ठळक प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाची कामे स्वतः करीत. १९४७ मध्ये त्याच शहरी निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणात आणले.

या योजनेचे आर्थिक मूल्य उघड आहे. शैक्षणिक मूल्य अधिक सूक्ष्म आहे. ज्याच्याकडे स्वयंपाकाची पाळी आहे त्याने आळस केल्यास सोबती उपाशीपोटी वर्गात जातात. येथे अधीक्षकाच्या शिक्षेपेक्षा सोबत्यांची अडचण अधिक बोचते. त्याचप्रमाणे समतेचे तत्त्व नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भेटण्यापूर्वी पंगतीत अनुभवास येते. संयम आणि नागरिकत्व ही अशा रीतीने एकाच सवयीची दोन अंगे ठरतात.

सक्तीने हे साधेल काय? राष्ट्रीय छात्रसेना १९६३ मध्ये महाविद्यालयांत सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांच्या कार्याची अपेक्षा असते. परंतु तासांची नोंद म्हणजे सेवा नव्हे. शिबिराचे गाव, काम आणि हिशेब हे सर्व प्राध्यापकांनीच ठरविले, तर विद्यार्थी केवळ हजेरी भरतो. जमाखर्च त्याच्या हाती असेल आणि चुकल्यास ग्रामस्थांपुढे त्यालाच उत्तर द्यावे लागत असेल, तर तेच तास संस्कार ठरतात.

तात्पर्य, विद्यापीठाने नियमांची संख्या वाढविण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारणे इष्ट होय : विद्यार्थ्यांवर विसंबून असे कोणते काम आपण त्यांच्या हाती सोपविले आहे? त्यात चुका होतील. त्या चुका सोसण्याची तयारी नसलेल्या संस्थेस आज्ञाधारक विद्यार्थी मिळतील. जबाबदार नागरिक मिळणे कठीण आहे.