आडनाव कळण्यापूर्वी आणि कळल्यानंतर

प्रतिनिधी, मुंबई

उपनगरांत भाड्याची जागा शोधणाऱ्याला अनामत रकमेच्या आधी अनेकदा एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. तो प्रश्न असतो आडनावाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, तेव्हा या प्रश्नाची मोठी चर्चा झाली. भाषा, धर्म, आहार वा जात यांपैकी काहीही अशा नकारामागे असू शकते. उघडपणे ते सांगितले जातेच असे नाही. मराठी कथा-कादंबरीने मात्र या पूर्वग्रहाचे अंतरंग सहा दशकांपूर्वीच उलगडून दाखवले आहे.

माणूस तोच, नाव वेगळे

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेतील नोकरीसाठी मुंबईहून गुजरातमधील उधना येथे जातो. सहकारी जात विचारतो, तेव्हा तो आपण मुंबईकर असल्याचे अभिमानाने सांगतो. त्याच्या तेजस्वी बोलण्यावरून समोरचा त्याला उच्चवर्णीय समजतो. त्याला राहायला जागा मिळते, त्याच्या कवितांचे कौतुक होते, एका घरी जेवणाचे आमंत्रणही येते. जात कळताच हीच माणसे त्याच्यावर हात उचलतात.

बागूल यांनी येथे पूर्वग्रहाची जणू चाचणीच घेतली आहे. नायकाचा स्वभाव, विद्वत्ता, वागणूक यांत तिळमात्र फरक पडलेला नाही. बदलते ती केवळ त्याच्याविषयीची माहिती. म्हणजे तिरस्कार माणसाचा नसून त्याला चिकटवलेल्या नावाचा आहे, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. कथा आणखी एक गोष्ट दाखवते. पूर्वग्रह बाळगणारी ही माणसे खलनायक नाहीत. एरवी ती प्रेमळ आणि आतिथ्यशील आहेत. म्हणूनच त्यांचे बदललेले रूप अधिक अस्वस्थ करते.

कागदावरचा संशय

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे अनेक वर्षे राहिले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तीत पूर्वग्रहाला सरकारी शिक्का लाभलेला दिसतो. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यानुसार काही जमातींतील माणसे जन्मतःच संशयित ठरत. ‘फकिरा’तील मांग समाजावरही हजेरीची सक्ती येते. फकिराचे वडील राणोजी जोगणी गावात आणताना, म्हणजे गावाच्या प्रतिष्ठेसाठी, प्राण देतात. तरीही त्यांच्याच जातभाईंकडे चोर म्हणून पाहिले जाते. फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, तेव्हा गुन्हा कोणाचा, हा प्रश्न लेखक वाचकासमोर ठेवतो. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याने रुजवलेला संशय मात्र कायद्याबरोबर संपला नाही.

सांगणारा कोण?

या दोन्ही कलाकृतींचे बळ निवेदकाच्या जागेत आहे. बाहेरून पाहणारा सहृदय लेखक उपेक्षिताविषयी करुणा निर्माण करतो. पण त्यात उपेक्षित माणूस केवळ दयेचा विषय होण्याचा धोका असतो. बागूल आणि अण्णाभाऊ ते जीवन स्वतः जगले होते. बागूल यांचे बालपण माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये गेले आणि पुढे त्यांनी रेल्वेत नोकरीही केली. त्यामुळे त्यांचे नायक दया मागत नाहीत. चिडतात, विनोद करतात, कविता लिहितात, लढतात. वाचक आधी त्या माणसाला ओळखतो आणि मग त्याच्यावरचा शिक्का पाहतो. समाजात बहुधा याच्या नेमके उलट घडते.

बागूल यांच्या कथेतील नायकाला ‘मुंबईकर’ ही ओळख जात विचारणाऱ्याला देण्याजोगे पुरेसे उत्तर वाटली होती. आज त्याच मुंबईत घर शोधणाऱ्याला ते उत्तर पुरत नाही. ‘आम्हाला व्यक्तिशः काही अडचण नाही, पण सोसायटीचे नियम आहेत,’ असे सौम्य शब्दांत सांगणाऱ्याने ही कथा एकदा अवश्य वाचावी. त्या कथेतील माणसेही, आडनाव कळेपर्यंत, अशीच सौम्य होती.