तीन आणि दोनची जुगलबंदी

समजा, तुम्ही मलकापूरच्या एसटी स्टँडवर उभे आहात. नांदुऱ्याची गाडी दर 20 मिनिटांनी सुटते, मोताळ्याची दर 30 मिनिटांनी. सकाळी आठला दोन्ही गाड्या एकदम निघाल्या. आता पुन्हा एकदम कधी निघतील?

झाले ना हात वर! लसावि काढायचा. 20 आणि 30 चा लसावि 60, म्हणजे बरोब्बर नऊ वाजता.

आता एक गंमत. या तासाभरात नांदुऱ्याची गाडी तीनदा सुटली आणि मोताळ्याची दोनदा. प्रत्येक गाडीला एक टाळी द्या आणि अख्खा तास दोन सेकंदांत गुंडाळा. ऐकू येईल एक झकास ठेका! पश्चिम आफ्रिकेतले ढोलवादक पिढ्यान्‌पिढ्या असे ठेके वाजवत आलेत. एकाच वेळी एक जण तीन ठोके देतो, दुसरा दोन. दोघंही आपापली चाल सोडत नाहीत, तरी भांडण होत नाही. कारण ठरल्या जागी दोघं भेटतातच.

चला, आपणही वाजवू. 3 आणि 2 चा लसावि 6. आपल्या दादऱ्याच्याही सहाच मात्रा! तोंडानं म्हणा: धा धी ना, धा ती ना. डावा हात मांडीवर फक्त दोन्ही ‘धा’ना, म्हणजे 1 आणि 4 वर मारा. उजवा हात 1, 3 आणि 5 वर. पहिल्या मात्रेला दोन्ही हात एकत्र, दुसरीला गप्प, मग उजवा, डावा, उजवा आणि सहावीला पुन्हा गप्प. सुरुवातीला हात ऐकणार नाहीत. सावकाश म्हणा, जमेल.

जमलं की पाय आपोआप हलू लागतील. डोकं तीनच्या मागे जावं की दोनच्या, हे ठरवता ठरवता पुढच्या भेटीची वाट बघू लागतं. ती भेट झाली की कसं छान वाटतं! तबलावादक त्या जागेला सम म्हणतात. अमेरिकेत 1960 च्या दशकात जेम्स ब्राऊन नावाच्या गायकानं फंक संगीत गाजवलं. त्यातही सगळा जोर पहिल्याच ठोक्यावर. जॅझवाले मधल्या जागेत मनाला येईल तसं वाजवतात, पण मोजणी सुटू देत नाहीत. नायजेरियाचा फेला कुटी आणि त्याचा ड्रमवादक टोनी ॲलन यांनी 1970 च्या सुमारास आफ्रिकी ठेके, फंक आणि जॅझ एकत्र घोटले. त्या संगीताचं नाव अफ्रोबीट. एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटं चालतं, आणि ऐकणारा गुंग!

असं घोटणारा एक वादक आपल्या मुंबईतही जन्मला. त्रिलोक गुर्टू, जन्म 1951. आई शोभा गुर्टू म्हणजे ठुमरीच्या मोठ्या गायिका. त्रिलोक तबला शिकले, मग जॅझ वादकांबरोबर जगभर वाजवू लागले. ‘आफ्रिकन फँटसी’ नावाचा त्यांचा अल्बमच आहे, आणि त्यात आफ्रिकेतल्या बेनिन देशाची गायिका अँजेलिक किजो गायली आहे.

सगळ्यात मोठं आश्चर्य अजून पुढेच आहे. तुमचा तीन-दोनचा ठेका वेगानं, आणखी वेगानं वाजवला तर? सेकंदाला साधारण 20 ठोक्यांच्या पुढे गेलं की कानाला सुटे ठोके कळेनासे होतात आणि सलग सूर ऐकू येऊ लागतो. आता एका बाजूला सेकंदाला 240 ठोके आणि दुसऱ्या बाजूला 360. हातांना नाही जमणार, पण संगणकाला जमतं. 360 आणि 240 म्हणजे पुन्हा 3 आणि 2 च! ऐकू काय येतं? सा आणि प. तानपुऱ्यावर गवई रोज छेडतात तीच जोडी. सावकाश वाजवलं तर ठेका आणि वेगात वाजवलं तर सूर, आकडे मात्र तेच.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. 4 आणि 3 चा लसावि 12. वहीत बारा चौकोन आखा. उजव्या हाताचे चार आणि डाव्या हाताचे तीन ठोके कुठे पडतील ते शोधा, खुणा करा आणि मित्राला घेऊन वाजवा. फक्त गणिताच्या तासाला बाक वाजवायचा असेल, तर आधी सरांना विचारा!